लेझमीचा चौथा ठोका

आईचे पाय पहिल्यांदा अडले ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात. हातात कपबशी, तोंड माझ्याकडे आणि पाय फरशीला चिकटलेले. मी आतून ओरडले, "आई, चहा थंड होऊन राहिला." ती म्हणाली, "पाय ऐकून नाही राहिले." मला वाटलं, चेष्टा करतेय. आमच्या घरात चेष्टा तिची आणि चिडचिड माझी, ही कामांची वाटणी फार जुनी आहे. पण ती दोन मिनिटं तशीच उभी राहिली, कपातला चहा बशीत आणि बशीतला साडीवर सांडत गेला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितलं. गोळ्यांनी हाताची थरथर थोडी कमी झाली, पण पायांचं कोडं सुटलं नाही. मोकळ्या खोलीत ती हळूहळू का होईना चालायची. दार आलं, उंबरठा दिसला की संपलं. मी हात धरून ओढायची, तेवढी ती जास्त घट्ट व्हायची. बरोबरीने तिचा आवाजही खाली खाली गेला. ज्या बाईची हाक मला तीन घरं ओलांडून ऐकू यायची, तिचं बोलणं ऐकायला आता तिच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. हसूही आतल्या आत राहायचं, चेहऱ्यावर पोचायचं नाही. मी निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच नोकरी सोडली. वडील जाऊन बरीच वर्षं झालीत, जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या त्या वरच्या मजल्यावरच्या घरात आम्ही दोघीच.

घरातल्या घरात मी कसंही निभावून नेलं असतं. आईचं खरं दुःख दोन गल्ल्या पलीकडे होतं. तिथे तिची मैत्रीण राहते. दोघी इथल्याच मराठी शाळेत एका बाकावर बसल्या, योगायोगाने लग्न होऊनही इथेच राहिल्या, आणि ऐंशीव्या वर्षीही एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत. 'जोडी' म्हणतात. शाळेच्या लेझीम पथकात मुलींना दोघी-दोघींनी उभं करत, तेव्हापासूनची ही जोडी. दर मंगळवारी दुपारी आई तिच्याकडे वाती वळायला जायची. मी नोकरीत असताना, वडील आजारी असताना, काहीही असो, मंगळवार चुकला नाही.

आता या मैत्रिणीचा, मी जिला मावशी म्हणते तिचा, गुडघा गेलेला, ती घराबाहेर पडू शकत नव्हती. आई दाराबाहेर पडू शकत नव्हती. फोन लावून द्यायची मी. पण एकीला ऐकू येत नाही आणि दुसरीचा आवाज फुटत नाही, त्या फोनचा काय उपयोग? मावशी तिकडून ओरडायची, "काय म्हणून राहिली जोडी?" आणि आई इकडे फोन कानाला लावून नुसती रडायची. चार महिने असे गेले.

शेजाऱ्यांनी सुचवलं, व्हीलचेअर आणा, ऑटोत बसवा, दोघं जण उचलून नेऊन ठेवतील. मीही तेच म्हटलं. आईने मला जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "मी उचलून जाणार नाही. उचलून माणसाला एकदाच नेतात." मी आत जाऊन भांडी आपटली.

आजारी माणसाच्या खोलीत भजन लावायचं, हे आपल्या लोकांना कोणी शिकवावं लागत नाही. जो तो येताना पेढे नाहीतर भजनं घेऊन यायचा. माझ्या फोनमध्ये इतकी भजनं साठली की फोन बंद पडायला लागला. सगळी एकाच चालीची: संथ, कोमल, वैराग्याने ओथंबलेली. ऐकता ऐकता आईचे डोळे पाझरायचे, मग झोप. उठली की पाय आणखी जड. मला वाटायचं, किती शांत वाटतंय बिचारीला. पुढे एकदा तिनेच सांगितलं, "तू ती भजनं लावली का मला वाटे, सगळे जमलेच आहेत, आता फक्त माझीच देर आहे."

आमच्या गल्लीत संध्याकाळी पाचला आलू-टिक्कीचा ठेला येतो. ठेलेवाला हाक मारत नाही. लोखंडी तव्याच्या काठावर उलथणं वाजवतो. टन्-टन्-टन्-टन्. अगदी एकसारखं. एके दिवशी आई न्हाणीच्या दारात अडली होती आणि मी मागे टॉवेल घेऊन नेहमीप्रमाणे "उचल ना पाय, उचल ना" करत होते. खाली गल्लीत तवा वाजायला लागला. आणि माझ्या डोळ्यांदेखत आईचा उजवा पाय उचलला गेला. मग डावा. ती दार ओलांडून, खोली ओलांडून पलंगापर्यंत गेली आणि बसून माझ्याकडे बघू लागली. तिलाही समजलं नव्हतं. तोवर ठेला पुढच्या गल्लीत गेला होता.

मदन महल भागातून आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीची मुलगी यायची. घर मराठी, पण तिला मराठी नुसती समजते, म्हणते, "आजी, बोलते नहीं बनता." मी तिला टिक्कीवाल्याची गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, "दीदी, ऐसा होता है. चलने का हुकुम दिमाग़ में जहाँ से निकलता है, वहाँ रास्ता जाम है. ताल दूसरे रास्ते से पैर तक पहुँच जाता है." मग माझ्या भजनांची यादी बघून तिने कपाळावर हात मारला. "ये तो सुलाने वाले गाने हैं. आजी को बीट दीजिए."

बीट द्यायची म्हणजे काय करायचं? पहिले आठ दिवस मी टिक्कीवाल्याला दारात थांबवून घेतलं. "भैया, ज़रा और बजाओ." तो सज्जन माणूस, वाजवायचा, पण नुसतं वाजवून घ्यायची मला लाज वाटे, म्हणून रोज दोन प्लेट टिक्की. नवव्या दिवशी माझ्या पोटाने संप केला. मग फोनवर घड्याळासारखी टिकटिक लावली. आई म्हणाली, "हे काय चावी देऊन राहिली माझ्या पायांना? बंद कर." शेवटी मी स्वतः थाळी-चमचा घेतला. आणि इथे माझं पितळ उघडं पडलं, कारण मी जन्माची बेताल. शाळेत प्रार्थनेच्या टाळ्यासुद्धा मी सगळ्यांच्या नंतर वाजवायची. माझ्या थाळीवर आईचा एक पाय पुढे जायचा आणि दुसरा विचार करत बसायचा. मी म्हटलं, थाळीच फुटकी आहे. आई म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." आवाज बारीकच, पण टोमणा जुन्या धारेचा होता. त्या दिवशी मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

मग ती म्हणाली, "माझ्या पेटीत लेझीम आहे. काढ."

मला ती लेझीम माहीत होती. विसरायचा खूप प्रयत्न केला होता, इतकी माहीत होती. मी चौदा वर्षांची असताना गणपतीच्या विसर्जनाला आमच्या मंडळाच्या बायका लेझीम खेळत निघायच्या आणि सगळ्यांत पुढे आई आणि मावशी. नऊवारी खोचलेली, घामाने कुंकू ओघळलेलं, लेझीम छातीशी आली की मान अशी झटकायची की बघत राहावं. बाजारात माझ्या वर्गातल्या तीन मुली उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "तेरी मम्मी ये क्या बजा रही हैं? चिमटा?" तिघी हसल्या. त्यांच्यात खोडसाळपणा होता असं आज वाटत नाही. त्यांनी लेझीम कधी पाहिलीच नव्हती. पण मी मेल्याहून मेली झाले. घरी येऊन आईला म्हटलं, "पुढच्या वर्षी तू रस्त्यावर नाचलीस तर मी घर सोडून जाईन." 'खेळलीस' म्हटलं नाही मी, 'नाचलीस' म्हटलं. मुद्दाम. आई पदराने मान पुसत होती. ती म्हणाली, "बरं."

पुढच्या वर्षी ती मिरवणुकीत मागे, प्रसादाचं ताट घेऊन चालली. मी जिंकले होते. पुढे मोठी झाले तेव्हा त्या जिंकण्याची चव बिघडली, पण माफी मागायला तोंड उघडलं नाही. अशा गोष्टींत मी फार चिवट आहे.

पेटीच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात लेझीम गुंडाळलेली होती. मला वाटलं होतं, गंजून साखळीची माती झाली असेल. पण चकत्या लखलखीत होत्या आणि फडक्याला शिलाई मशीनच्या तेलाचा वास होता. आईच्या हातच्या वस्तू टिकतात, एवढाच विचार मनात आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, असंही वाटलं. चार महिने मी भजनं लावत आणि टिक्क्या खात बसले आणि औषध तिच्या पलंगाखाली होतं.

आईच्या हातांना ती पेलेना. थरथरीने नुसतीच खुळखुळायची. तिने ती माझ्याकडे दिली आणि खुर्चीत सरळ होऊन बसली. "एकला खाली, पायाजवळ. दोनला कमरेशी. तीनला उघडायची. चारला छातीशी, आणि तिथे जोर. चौथा ठोका पक्का पडला पाहिजे, त्याच्यावर पाऊल पडते."

मग अठ्ठावन्नाव्या वर्षी माझी शाळा भरली. रोज सकाळी अर्धा तास. लेझीम दिसते तेवढी हलकी नसते. दुसऱ्या दिवशी मला वेणी घालता येईना. माझा चौथा ठोका हटकून लवकर पडायचा, कारण मला प्रत्येक गोष्ट उरकायची असते. आई कुजबुजून सांगायची, "घाई नको." मी परत चुकायची. आणि पाचव्या की सहाव्या दिवशी तिचा संयम सुटला. "चुकलीस! काहून घाई करून राहिलीस वो? मागे कोणी लागलं का?" ती ओरडली. खरोखर ओरडली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "सब ठीक है ना?" मी जिन्यात उभी राहून "सब ठीक है जी, अम्मा डाँट रही हैं" असं सांगितलं. कित्येक महिन्यांत तिचा आवाज घराबाहेर गेला नव्हता.

त्यानंतर जे बदलत गेलं ते मी रोज पाहिलं. माझा ताल जमला की तिची मान आधी हलायची, मग खांदे, आणि मग पाऊल. चेहऱ्यावर अडून बसलेलं हसू हळूच सुटायचं. स्वयंपाकघराचं दार, न्हाणीचं दार, जिन्याचं दार, एकेक करून आम्ही जिंकत गेलो. आजार गेला नव्हता, जाणारही नाही. फिजिओवाली मुलगी दर वेळी तेवढी आठवण करून द्यायची, आणि ते बरोबरच होतं. पण लेझीम वाजतेय तोवर आईचे पाय आईचे असायचे. माझंही काही झालं असावं. सकाळी उठल्याबरोबर कपाळावर आठी घेऊन फिरणारी मी, त्या अर्ध्या तासानंतर दुपारपर्यंत कोणावर डाफरत नसे. भाजीवाल्याने विचारलं, "दीदी, तबीयत ठीक है?"

दीड महिन्याने एका मंगळवारी आई म्हणाली, "आज जोडीकडे जाऊ."

पाच वाजता निघालो. घरात वाजवणं वेगळं आणि गोरखपूरच्या गल्लीत, भर रहदारीत, लेझीम घेऊन उलट्या पावलांनी चालणं वेगळं. मी पुढे, तोंड आईकडे. ती समोर, डोळे माझ्या हातांवर. एक, दोन, तीन, छन्. स्कूटीवाल्यांनी हॉर्न दिले. टिक्कीवाला ठेला सोडून धावत आला आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभा राहिला. "रुको भैया, अम्मा आ रही हैं!" किराणा दुकानासमोर एक शाळेतली मुलगी आपल्या आईचं बोट धरून उभी होती. तिने मला विचारलं, "आंटी, ये क्या बजा रहे हो?"

चव्वेचाळीस वर्षांनी तोच प्रश्न. मी म्हटलं, "लेझीम. मेरी मम्मी ने सिखाया." हात थांबवला नाही. बस, एवढंच उत्तर होतं. तेव्हा दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

मावशीच्या दारापर्यंत सगळं नीट झालं. तिच्या सूनबाईंनी दार उघडलं, आणि तो उंबरठा, जुना, उंच, सागवानी, दिसताच आई थांबली. मी वाजवलं. पाय हलेना. पुन्हा वाजवलं. माझा उजवा हात भरून आला होता, आणि त्या मुलीला उत्तर दिल्यापासून डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. दोननंतर काय येतं तेच मला आठवेना. ठोके नुसतेच कुठेही पडायला लागले. मी सूनबाईंना खुणेने खुर्ची आणायला सांगितली. मनात म्हटलं, झालं, आता उचलूनच न्यावं लागणार.

तेवढ्यात आतून थाळी वाजली. स्टीलची थाळी, त्यावर कसलातरी डाव. तीन हलके आणि चौथा जोराचा. तीन हलके आणि चौथा जोराचा. शांतपणे, कुठे जायची घाई नसल्यासारखं. मी हात खाली घेतला. आईने मान वर केली, आणि चौथ्या ठोक्यावर तिचा पाय त्या उंबरठ्यावरून पलीकडे पडला.

मावशी खाटेवर बसून थाळी वाजवत होती. आई तिच्याजवळ जाऊन टेकली तरी मावशीने आणखी चार ठोके पुरे केले, मग थाळी ठेवली. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग मावशी माझ्याकडे वळली. "तुझा चौथा लवकर पडून राहिला वो. इथपर्यंत समजलं."

"मावशी, तुम्हाला तर ऐकू येत नाही!" मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं.

"बोलणं नाही येत. हे येते." मग तिने सूनबाईंना खाटेखालून पिशवी काढायला लावली. पिशवीत दुसरी लेझीम होती. तशीच लखलखीत, तोच शिलाई मशीनच्या तेलाचा वास. मावशी आईला म्हणाली, "तुझं येणं बंद झालं तेव्हापासून हात नाही लावला. एकटीने काय खेळायचं?"

मला काही समजेना. "तुम्ही दोघी कधी खेळत होतात?"

"मंगळवारी," मावशी म्हणाली. "गच्चीवर. पुढे पुढे गुडघ्याने त्रास दिला तर खुर्चीवर बसून, नुसते हात. पण चुकवलं नाही."

"मंगळवारी तर वाती..."

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. "बाप्पा! इतक्या वर्षांच्या वाती वळल्या असत्या तर जबलपूरच्या सगळ्या देवळांना पुरून उरल्या असत्या." आणि मला आठवलं, वाती आम्ही नेहमी बाजारातून विकत आणायचो. मंगळवारी आई घरी यायची तेव्हा तिचे गाल लाल असायचे, आणि मी म्हणायची, उन्हात कशाला गेलीस.

मी आईसमोर खाली बसले. जे चव्वेचाळीस वर्षं बोलायचं राहिलं होतं ते बोलायला गेले, आणि तोंडून भलतंच निघालं. "मी तुला सोड म्हटलं होतं ना? तू बरं म्हणाली होतीस."

"बरं म्हटलं," आई म्हणाली. तिचा आवाज आता सूनबाईंनाही ऐकू येत होता. "सोडते कुठं म्हटलं?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. लाजेने थोडी, आणि जास्त करून कृतज्ञतेने. माझ्या एका दुष्ट वाक्याला तिने मान दिला, भांडली नाही, मला माझ्या मैत्रिणींत मान वर करून फिरू दिलं. आणि स्वतःची गोष्ट गुपचूप गच्चीवर नेऊन जपली. तिने मनापासून माझं ऐकलं असतं, तर तिच्या पायांत आज जागं करण्यासारखं काही उरलंच नसतं. आयुष्यभर मी तक्रार केली की ही बाई माझं काही ऐकत नाही. त्या संध्याकाळी मी देवाचे आभार मानले की ऐकलं नाही.

दिवेलागणीला निघायची वेळ झाली. मावशीने थाळी मांडीवर घेतली, आम्हाला उंबरठ्यापर्यंत पोचवायला. मी लेझीम उचलली, आईकडे तोंड केलं. डोळे अजून ओलेच होते.

"पूस आधी," आई म्हणाली. "आणि चौथा सांभाळ. चल."